शेवटचा अर्धा इंच

पंधरा वर्षं मी एकच गाडी चालवली आणि तिचं पेडल एकदाही तळाला टेकवलं नाही. हे सांगितलं की हल्लीची पोरं हसतात. हसू देत. मोटार म्हणजे चार चाकं आणि एक हॉर्न, याच्यापलीकडं त्यांना काय ठाऊक?

गाडी मर्सिडीज-बेंझ, मॉडेल ५४० के. आमच्या जहागीरदारसाहेबांनी अडतीस साली थेट जर्मनीहून मागवलेली. बॉनेट एवढं लांब की कोपऱ्यावर आधी गाडीचं नाक वळायचं, मग बऱ्याच वेळानं मी. बॉनेटच्या बाजूनं चकचकीत जाड नळ्या बाहेर येऊन खाली गेलेल्या, आणि पुढं टोकाला तीन पात्यांची चांदणी. आत एका ओळीत आठ सिलिंडर. पेडल दाबत गेलं की एका जागी पायाला अडसर लागायचा. तो ओलांडून आणखी अर्धा इंच दाबलं की कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारं यंत्र. मग गाडी जी किंचाळायची आणि जी सुटायची, ती बघायला रंकाळ्यावर माणसं थांबायची.

पण तो अर्धा इंच माझा नव्हता. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आकाराम, अडसरापर्यंत तुझा पाय. त्याच्या पुढं माझा." साहेब स्वतः चाकामागं बसले की दाबायचे, मी शेजारी बसून दात आवळायचो. पंधरा वर्षं माझा उजवा पाय त्या अडसराशी जाऊन परत आला. घरी जेवायला बसलो तरी तो हलत असायचा. बायको म्हणायची, "पाय हलवू नगासा, लक्ष्मी जाती." तिला काय सांगणार?

मी मूळचा मुरगूडचा. बाप रानात राबायचा आणि पावसाळ्यात गावातल्या बाजा विणून द्यायचा. मला त्या घराची, त्या सुंभाच्या वासाची लाज वाटायची. पांढरा ड्रेस, काळी टोपी आणि हातात मर्सिडीजचं चाक आलं, तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा.

गाडीबरोबर मुंबईच्या कंपनीनं क्राउस नावाचा एक जर्मन धाडला होता, मला शिकवायला. पंधरा दिवस राहिला. मोडक्या हिंदुस्थानीत तो रोज मला गाडीचं कुळ सांगायचा, भाटानं सांगावं तसं. बेंझसाहेबानं तीन चाकांची पहिली मोटार कशी केली, लोक तिला कसे हसले, पुढं दोन कंपन्या एक कशा झाल्या, चांदणीची तीन पाती म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, तिन्हीकडं आमचंच इंजिन. पुढच्याच वर्षी लढाई पेटली आणि क्राउसला सरकारनं तारेच्या कुंपणात टाकलं. त्याचं पुढं काय झालं कळलं नाही. आम्हीही गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली, कारण जर्मन गाडी रस्त्यावर काढली की गोरे अधिकारी वाकडं बघायचे. ताडपत्रीखाली रोज तासभर मी तिला पुसत बसायचो.

मग राज्य विलीन झालं, जहागिरी गेल्या. बावन्नच्या दिवाळीनंतर साहेबांनी बंगला मोडला आणि पुण्याला निघून गेले. गाडी घेतली शाहूपुरीतल्या श्रेणिकअण्णा मगदूम यांनी, गुळाचे अडते. साहेबांनी गाडीबरोबर मलाही देऊन टाकलं. मला राग आला, पण गाडी परक्या ड्रायव्हरच्या हातात जाणार असं ऐकलं असतं तर त्याहून जास्त आला असता.

अण्णांना गाडीची हौस नव्हती. त्यांना गाडी हवी होती आईसाठी.

त्यांच्या आई अक्काताई, सत्तरीच्या जवळ आलेल्या, माहेर चिक्कोडीकडचं. चाळीस साली श्रवणबेळगोळला बाहुबलीचा महामस्तकाभिषेक झाला तेव्हा त्यांची वळकटी बांधून तयार होती, आणि निघायच्या आदल्या दिवशी श्रेणिकअण्णांना विषमज्वर झाला. वळकटी सोडली. तो अभिषेक बारा-तेरा वर्षांनी एकदा होतो. आता त्रेपन्नच्या मार्चमध्ये, पाच तारखेला, तो पुन्हा होता. दरम्यान अक्काताईंच्या खुब्याचं हाड मोडून वाकडंच जुळलं होतं. आगगाडीच्या पायरीवर पाय चढत नव्हता. एसटीनं एकदा हातकणंगल्यापर्यंत गेल्या आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या. डॉक्टर म्हणाले, पाय लांब करून मऊ बैठकीवर बसायला मिळालं तरच प्रवास. आणि याच्या पुढचा अभिषेक म्हणजे आणखी बारा-तेरा वर्षं. तोवर त्या राहणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आणि घरात कुणी बोलत नव्हतं.

गाडी दारात आली त्या दिवशी सुनांनी ओवाळलं. अक्काताई काठी टेकत आल्या, मागचं दार उघडायला लावलं आणि बैठकीवर हात ठेवला.

"मऊ हाय की रं. कशाचं हाय ह्ये?"

माझी जीभ कुठं गप्प बसते? क्राउसनं शिकवलेलं सगळं मी एका दमात ओकलो. "जर्मन कातडं हाय, अक्काताई! एक लंबर. बिनकुंपणाच्या डोंगरात चरल्याली जनावरं निवडत्यात, म्हंजे तारंचा ओरखडा सुदीक न्हाय. ह्या एका गाडीला धा-बारा जनावरं लागल्यात!"

अक्काताईंनी हात असा काढला, जसा निखाऱ्यावरून काढावा. सुनेला म्हणाल्या, "पाणी आण हात धुवाय."

जैनाच्या घरची म्हातारी, पायात कधी चामड्याची वहाण घातली नाही, आणि तिला मी जनावरं मोजून दाखवली. अण्णा एवढंच म्हणाले, "आकाराम, समदं कातडं काढा."

त्या रात्री मी जेवलो नाही. खोटं कशाला सांगू, रडलो.

दुसऱ्या दिवशी बाबालाल पिंजारी आला. गाद्या करणारा हाडाचा कारागीर. त्यानं शिवण उसवायला सुरी लावली तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. कातडं निघालं होतं. त्याच्या खाली काळ्या कुरळ्या केसांचा चांगला चार बोटं जाड थर होता, आणि त्याखाली गोणपाट आणि स्प्रिंगा.

"आकारामभाऊ, ह्ये घोड्याचं केस हायती," बाबालाल म्हणाला. "ह्ये पण जनावराचंच की. काढू?"

मी त्या थरावर हात दाबला. दाबला तसा तो खाली गेला आणि सोडला तसा वर आला. पंधरा वर्षं त्याच्यावर माणसं बसली आणि तो अजून मेला नव्हता. कापूस महिन्यात बसतो. केस काढला की गाडीची बैठक गेली, आणि म्हातारीच्या खुब्याला दणके बसणार ते वेगळेच. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच होतं की माझ्या गाडीचं आणखी काही निघालेलं मला बघवत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "वरनं कापूस घाल आणि मांजरपाट शीव. कुणाला बोलू नगंस."

बाबालालनं सुरी ठेवली आणि कापूस पिंजायला घेतला. संध्याकाळपर्यंत पांढरीशुभ्र बैठक तयार झाली. कातडं मी घडी घालून घरी नेलं.

तीन मार्चला पहाटे निघालो. अण्णा माझ्या शेजारी, अक्काताई मागं पाय लांब करून. बसण्याआधी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "आकाराम, आत आनि काय न्हाय न्हवं?"

"न्हाय अक्काताई. निस्ता कापूस."

त्या बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला. मी गाडी सुरू केली. निपाणी येईपर्यंत मला घाम सुटलेला होता आणि तो थंडीचे दिवस संपले म्हणून नव्हता.

अक्काताईंची एक अट होती. दिवस बुडाला की गाडी जागच्या जागी बंद. मोटारीच्या दिव्यावर किडे येऊन मरतात, यात्रेला जाताना वाटेत मेलेल्या किड्यांची रांग नको. त्यामुळं हिशेब असा होता, तीन तारखेला हुबळीला मुक्काम आणि चारला दिवस मावळायच्या आत श्रवणबेळगोळ. पाचला सकाळी अभिषेक. मध्ये एक तास इकडचा तिकडं व्हायला जागा नव्हती असं नाही, पण तीन-चार तासांना नव्हती.

बेळगावच्या पुढं अक्काताईंनी विचारलं, "आकाराम, ही गाडी काढली कुणी पयल्यांदा?"

मला बोलायला आवडतं, आणि बोलताना मन गप्प बसतं. मी सांगितलं. बेंझ नावाच्या इंजिनियरनं मोटार केली, पण ती विकायला घराबाहेर न्यायचं त्याला धाडस होईना. तेव्हा त्याच्या बायकोनं एके दिवशी पहाटे नवऱ्याला न सांगता दोन पोरं घेतली, गाडी बाहेर ढकलली आणि निघाली थेट आईच्या गावाला. पासष्ट मैल.

"नवऱ्याला न सांगता? म्हायेरला?" अक्काताई पुढं झुकल्या. "बरं केलं! मला चिक्कोडीला जायाचं म्हंजे चार मानसांचं तोंड बघाय लागायचं. मग?"

"मग तेल संपलं. तवा पेट्रोल कुटं मिळतंय? औषधाच्या दुकानातनं डाग काढायचं तेल इकत घेतलं आणि घातलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनंनं मोकळी केली. तार उघडी पडली, तर पायमोज्याचा पट्टा गुंडाळला."

अक्काताई हसत सुटल्या. अण्णाही हसले. "आनि?"

"आणि उतारावर ब्रेक झिजला." इथं माझी जीभ अडकली. कारण पुढं असं आहे की त्या बाईनं वाटेत एका चांभाराला गाठलं आणि ब्रेकवर कातडं ठोकून घेतलं. क्राउस हे मोठ्या कौतुकानं सांगायचा. "तर तिनं लावलं काय तरी, आणि गेली पुढं."

"काय लावलं?"

"लावलं काय तरी."

मी आरशात बघितलं नाही. अक्काताई म्हणाल्या, "आनि नाव? मर्शिडी म्हंजे काय?"

"पोरीचं नाव. एक मोठा व्यापारी ह्या गाड्या घ्यायचा. त्यानं अट घातली, नव्या गाडीला माझ्या पोरीचं नाव द्या, तर घेतो."

"पोरीचं नाव!" त्या खुश झाल्या. "श्रेणिक, बघ रं. तुज्या बाबांनी घरावर सुदीक माजं नाव घातलं न्हवतं."

हुबळीला दिवस बुडायच्या आत पोचलो. अक्काताईंनी गाळलेलं पाणी घेतलं, दिवस असताना दोन घास खाल्ले आणि जैन धर्मशाळेत टेकल्या. मी गाडीत पुढच्या सीटवर आडवा झालो. मागून घोड्याच्या केसांचा वास येतो आहे असं मला सारखं वाटत होतं. येत नव्हता. केसाला तसा वासच नसतो.

चार तारखेला उजाडताच निघालो. हावेरी, राणेबेन्नूर, मग हरिहरचा पूल. रस्त्यावर यात्रेकरूंच्या बैलगाड्या, ट्रका, सायकली. ऊन तापायला लागलं होतं. पूल ओलांडला आणि अक्काताई मागून म्हणाल्या, "श्रेणिक, अभिषेकाचा कळस घेतलाय न्हवं आपल्या नावचा?"

"घेतलाय की आई."

"मग उद्या कळसाला तुजा हात, माजा हात, आनि आकारामचा हात."

माझा पाय पेडलवरून उठला.

"माजा कशाला, अक्काताई?"

"कशाला म्हंजे? पोराच्या अंगावरचं कातडं काढावं तसं तुज्या गाडीचं काडलं आमी. तू रडलास म्हनं. तुजी बायको सांगत हुती. तरी मला बस म्हनलास. त्याचं पुन्य तुजं न्हाय तर कुनाचं?"

मला कुणी शिव्या दिल्या तर ऐकून घेतो. मार दिला तर खातो. पण हे मला सोसेना. एका चिंचेखाली मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि समोर काचेकडं बघत सांगून टाकलं. केस कुणी बघितले, कुणी झाकले, काय खोटं बोललो. बेंझबाईच्या ब्रेकचं कातडंसुद्धा सांगितलं, सांगायची काही गरज नव्हती तरी.

मग अक्काताई म्हणाल्या, "किती मैल झालं?"

"सव्वादोनशे."

"सव्वादोनशे मैल मी णमोकार म्हनला. श्रेणिक, मला खाली घे."

अण्णांनी त्यांना उतरवलं. चिंचेच्या मुळावर शाल टाकून त्या बसल्या, वाकडा पाय लांब करून. अण्णा माझ्यावर धावून आले. आयुष्यात कुणाला अरे म्हणाले नव्हते असा माणूस, त्यांनी माझी गचांडी धरली. मी हात खाली सोडले. मग त्यांनी मला सोडलं आणि आईकडं गेले.

"आई, घोड्याच्या शेपटीचं केस त्ये. घोडा काय मारीत न्हाईत त्याच्यासाठी. कापत्यात निस्तं. बस आता, येळ चाललाय."

"केसाचं मला कशाला सांगतोस?" अक्काताईंचा आवाज चढला. "घोडा मारला का कापला, मला म्हाईत न्हाय. ह्यानं त्वांड वर करून सांगितलं, निस्ता कापूस. मी इचारलं हुतं की न्हाय?" मग माझ्याकडं बोट करून, "कळसाला तुजा हात लागायचा न्हाय. आनि मी ह्या गाडीत बसायची न्हाय."

"मग जानार कशी?" अण्णा जवळजवळ रडत म्हणाले.

"न्हाय जायाची. चाळीसला गेली हुती का?"

हे त्या साध्या आवाजात म्हणाल्या आणि अण्णा मटकन खाली बसले. अकरा वाजून गेले होते. पुढं अजून दीडशे मैल.

मी खिशातून चाकू काढला, मागचं दार उघडलं आणि मांजरपाट टरकावलं. कापूस उपसला, केस उपसले. पाठीचेही. दोन्ही हातांनी ओरबाडून रस्त्याच्या कडेला ढीग घातला. पंधरा वर्षं ज्या बैठकीवर मी धुळीचा कण बसू दिला नव्हता तिचा मी अर्ध्या तासात सापळा केला, आणि मला वाईट वाटायला सवड नव्हती. उरली लाकडी चौकट, गोणपाट आणि स्प्रिंगा. तिच्यावर ती म्हातारी दहा मैलसुद्धा गेली नसती.

शेताच्या पलीकडं एक झोपडी होती आणि तिच्यापुढं एक बाज. मी पळत गेलो. तिथली शेतकरीण कानडीशिवाय काही बोलेना, मी मराठीशिवाय. मी बाजेच्या दोरीला हात घातला तशी तिनं खुरपं उचललं. तेव्हा मागून चिंचेखालून अक्काताईंचा आवाज आला, खणखणीत कानडीत. काय म्हणाल्या मला कळलं नाही, एक गोम्मटेश्वर, म्हणजे बाहुबलीच, तेवढं कळलं. शेतकरणीनं खुरपं टाकलं, बाज स्वतः उलटी केली आणि माझ्याबरोबर दोरी सोडायला बसली.

काथ्याचं सुंभ होतं, जुनं पण चिवट. बैठकीची चौकट काढून मी चिंचेखाली आणली, पायानं दाबून धरली आणि विणायला लागलो. हातांना आठवत होतं. दोन खाली, दोन वर, ओढ आणि गाठ. बाप शेजारी उभा आहे आणि म्हणतो आहे, ढिली ठेवशील तर झोपणाऱ्याची पाठ तुला शिव्या देईल. तळहात सोलले. अण्णा येऊन शेजारी बसले आणि दोरीचं दुसरं टोक ताणून धरायला लागले.

चौकट बसवली, त्यावर त्यांच्याच वळकटीतली गोधडी घातली. अक्काताई काठी टेकत आल्या. आधी गोधडी उचलून बघितली. दोरीत बोट घालून खालचं गोणपाट चाचपलं. मग बसल्या, हलल्या, पाय लांब केला.

"व्हय," एवढंच म्हणाल्या.

शेतकरणीनं त्यांच्या पायाला हात लावला. अण्णा तिला काही द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला.

दोन वाजले होते. मी चाकामागं बसलो. "अक्काताई, दिवस बुडायच्या आत पोचायचं तर पळवाय लागंल."

"मग पळीव की."

"आवाज करंल ती."

"करू दे."

चित्रदुर्ग मागं टाकल्यावर रस्ता सरळ झाला. मी पेडल दाबत नेलं. अडसर लागला. पंधरा वर्षांच्या सवयीनं पाय थांबला. मग मी तो अर्धा इंच दाबला.

गाडी किंचाळली. तो आवाज मी शेजारच्या सीटवरून शेकडो वेळा ऐकला होता, पण पायाखालून कधी आला नव्हता. नाक वर उचललं गेलं, झाडं मागं पळायला लागली, अण्णांनी दार घट्ट धरलं. मनात आलं, पंधरा वर्षं वाट बघितली ती याचीच. आणि खरं सांगतो, आनंद झाला नाही. डोळा सारखा उजवीकडं सूर्यावर होता. सूर्य खाली येत होता आणि मैलाचे दगड काही लवकर येत नव्हते. क्राउस सांगायचा, एका दमात मिनिटापेक्षा जास्त नाही, इंजिन तापतं. मिनिट मोजायचं, सोडायचं, गाड्यांची रांग आली की ब्रेक, मोकळं झालं की पुन्हा दाबायचं. मागं अक्काताई मोठ्यानं णमोकार म्हणत होत्या. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांचा आवाज चढायचा.

होसदुर्गला डब्यातलं पेट्रोल ओतलं. अरसीकेरे. चन्नरायपट्टण. तिथून आठ मैल आणि रस्ता माणसांनी भरलेला. आता अर्धा इंच काय, पाव इंच दाबायची सोय नव्हती. हॉर्न वाजवत, माणसं चुकवत पुढं सरकत होतो, आणि अण्णा एकदम ओरडले, "आई, समोर!"

टेकडीवर देव उभा होता. एवढ्या लांबून खांद्यापर्यंत दिसत होता. तोंडावर शेवटचं ऊन.

अक्काताईंनी हात जोडले. ते ऊन बघता बघता हनुवटीवरून कपाळावर गेलं आणि विझलं.

"दिवस बुडाला," त्या म्हणाल्या. "बंद कर."

"दोन मैल ऱ्हायलं, आई!" अण्णा म्हणाले. "दिवे न लावता जाऊ."

"बंद कर म्हनलं न्हवं?"

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मी खाली उतरलो, दार उघडं ठेवलं, एक हात चाकावर घातला आणि खांदा गाडीला लावून रेटलं. एवढं लोखंड. हललं नाही. अण्णा मागं गेले, अंगातला कोट काढून आत टाकला आणि रेटायला लागले. वाटेनं चाललेले दोघं-चौघं थांबले. कुणी काय विचारलं, कुणी काय सांगितलं, मला कळलं नाही. पण थोड्या वेळानं गाडीला चाळीस एक हात लागले होते, कानडी, मराठी, गुजराती, आणि बाहुबलीचा जयजयकार करत ती दीडशे घोड्यांच्या वरची गाडी माणसांच्या जोरावर अंधारत चाललेल्या रस्त्यानं गावात शिरली. मी रेटत होतो, रडत होतो आणि शिव्याही देत होतो, कुणाला ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोलीवाले आले. अक्काताई नवं पांढरं लुगडं नेसून डोलीत बसल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. अण्णा म्हणाले, "तुमी गाडीपाशी थांबा." मी थांबलो. शब्द दिला होता त्यांनी, हात लागायचा नाही, आणि तो त्या मोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

खालून टेकडी माणसांनी काळी झाली होती. मी गाडी पुसली. पुसायला मागं काही उरलं नव्हतं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागचं दार उघडून मी आत बसलो. पंधरा वर्षांत मी त्या बाजूला कधी बसलो नव्हतो. साहेब बसायचे, त्यांचे पाहुणे बसायचे. सुंभ माझ्या वजनाखाली कुरकुरलं आणि धरून राहिलं. मुरगूडच्या घराचा वास आला. मला त्याची लाज वाटली नाही. तिथूनच मला देवाचं डोकं दिसत होतं. दहाच्या सुमाराला त्यावरून पांढरी धार खाली आली, दुधाची. वर मोठा गजर झाला. त्यात अक्काताईंचा कळस कुठला, मला कळणं शक्य नव्हतं.

दुपारी डोली खाली आली. मी झटकन बाहेर येऊन उभा राहिलो. अक्काताईंचं लुगडं हळदीनं आणि दुधानं भिजलं होतं. अण्णांनी त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी पाय लांब केला, मांडीवरचा लहान गडू उघडला आणि मला म्हणाल्या, "हात पुढं कर."

अभिषेकाचं गंधोदक होतं, देवाच्या अंगावरून उतरलेलं पाणी. त्यांनी माझ्या ओंजळीत थोडं ओतलं. सोललेल्या तळहातांना ते झोंबलं. ते मी डोळ्यांना लावलं, डोक्याला लावलं.

"चला," अण्णा म्हणाले. "दिवस हाय तंवर अरसीकेरे गाठू."

मी चाकामागं बसलो, किल्ली फिरवली. सवयीनं पाय पेडलवर गेला, अडसरापर्यंत. मागून अक्काताई म्हणाल्या,

"आकाराम, सावकाश घे. मला आता कुटं पोचायचं न्हाय."